स्पितीला निघालेले जावई

ज्ञानेश शिनगारेचा घटस्फोट एप्रिलमध्ये मंजूर झाला आणि मे महिन्यात त्याने मोटारसायकल घेतली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असे तो सगळ्यांना सांगत होता आणि कोणीही विश्वास ठेवत नव्हते. चाकणच्या एका कंपनीत तो क्वालिटीला होता. रिजेक्ट झालेला पार्ट नेमका का रिजेक्ट झाला हे शोधून काढायचे, हे त्याचे रोजचे काम. लग्नाच्या बाबतीत मात्र त्याला काही सापडले नाही. भांडण नव्हते, तिसरे माणूस नव्हते. त्याची सेकंड शिफ्ट आणि स्वरूपाची जनरल, अशी वर्षे गेली. दोघे दारात एकमेकांच्या हातात किल्ली देत राहिले आणि एके दिवशी स्वरूपाने दिलेली किल्ली परत घेतलीच नाही. ती थेरगावात खोली घेऊन राहू लागली. कोर्टातसुद्धा दोघांनी एकमेकांना पाण्याची बाटली विचारली.

अशा वेळी माणसाने एकट्याने लांब जावे, परत येतो तो वेगळाच माणूस, असे त्याला कंपनीच्या कँटीनमध्ये कोणीतरी सांगितले. ज्ञानेशला वेगळा माणूस व्हायची निकड होती. आहे तो माणूस चिखलीच्या फ्लॅटमध्ये एकट्यासाठी दोघांचा भात लावत होता आणि उरलेला भात बघून जेवण अर्धे टाकून उठत होता. म्हणून त्याने हिमाचलातल्या स्पितीच्या खोऱ्यात मोटारसायकलवरून जायचे ठरवले. मोटारसायकल जुनी, दणकट आणि त्याच्या दुप्पट वजनाची होती. विकणाऱ्याने ती दोन्ही हातांनी त्याच्याकडे सोपवली आणि लगेच चार पावले मागे सरकला, ते ज्ञानेशच्या लक्षात आले नाही.

तो गुपचूप गेला असता तर पुढचे काही झाले नसते. पण सोसायटीचे चेअरमन भीमराज यांना पुढेमागे नगरसेवक व्हायचे होते आणि त्यासाठी त्यांना सतत कोणाला तरी शुभेच्छा द्याव्या लागत. त्यांनी गेटवर फ्लेक्स लावला. ‘चिखली ते स्पिती, आमचे धाडसी वाघ ज्ञानेश सर यांना हार्दिक शुभेच्छा.’ त्यावर भीमराजचा फोटो डोक्यापासून कमरेपर्यंत होता आणि ज्ञानेशचा पासपोर्ट साइजचा. कंपनीतही शाल आणि नारळ झाला. मॅनेजरने रजा न कुरकुरता दिली, त्यावरूनच लोकांना आपली किती दया येते हे ज्ञानेशला कळले.

पहाटे निघायचे होते, पण भीमराजचा फोटोग्राफर साडेआठला उठला. त्यामुळे ज्ञानेश चाकणच्या चौकात पोचला तो बरोबर कंपन्यांच्या गाड्यांच्या वेळेला. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला ट्रेलरवर नव्या मोटारी, आणि मधे रेनकोट, जॅकेट, गुडघ्याची ढाल अशा अवतारात मे महिन्याच्या उन्हात उभा ज्ञानेश. त्याच्याच कंपनीची बस शेजारी येऊन थांबली. खिडक्यांतून सगळ्यांनी हात हलवले. मग बस वळली, जनरल शिफ्टची माणसे सोडून, सेकंड शिफ्टची माणसे घेऊन परत आली, तरी ज्ञानेश तिथेच होता. या वेळी कोणी हात हलवला नाही. एकाने फक्त पडदा ओढून घेतला.

पुढचे गाव राजगुरुनगर, म्हणजे जुनी माणसे ज्याला अजून खेडच म्हणतात ते. तिथे स्वरूपाचे आईवडील राहत होते. हे गाव हेल्मेट न काढता पार करायचे, असे ज्ञानेशने आधीच ठरवले होते. पण चाकणने त्याच्या अंगातले पाणी काढून घेतले होते. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा तो नाइलाजाने गावात शिरला आणि एका रसवंतीपुढे थांबला. मोटारसायकल स्टँडवर लावली असे त्याला वाटले. ती लागली नव्हती. तो खाली उतरला आणि ती सावकाश, अगदी समजूतदारपणे, त्याच्या डाव्या पायावर आडवी झाली.

रसवंतीतली माणसे धावली. त्यांनी आधी मोटारसायकल उचलली, टाकीवरची धूळ पुसली, आणि मग ज्ञानेशला उचलले.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाडाला चीर होती. प्लॅस्टर घालायचे आणि महिनाभर पाय टेकवायचा नाही, असे त्यांनी सांगितले.

“आणि मोटारसायकल?” ज्ञानेशने विचारले.

“तिला काय झालंय?” डॉक्टर म्हणाले.

प्लॅस्टर वाळत असताना भीमराजचा फोन आला. “भावा, कुठवर? ग्रुपवर सगळे लोकेशन विचारतायत.” ज्ञानेशला खरे सांगायचे होते. पण गेटवरचा फ्लेक्स त्याच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्या फ्लेक्सखालून आपण रिक्षातून एक पाय बाहेर काढून घरी चाललोय, हेही दिसले. तो म्हणाला, “नाशिक आलंच.” आता चिखलीला परत जायचा रस्ता बंद झाला. महिनाभर खेडमधल्याच एखाद्या लॉजवर पडून राहायचे, असा विचार करत तो कुबडी घेऊन दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आला. तिथे बाकावर हिंदुराव टाकळकर बसले होते. स्वरूपाचे वडील. बीपी तपासायला आले होते.

हिंदुराव एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. दिवाळीत त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. त्यांनी आधी प्लॅस्टर बघितले, मग तोंड.

“जावईबापू,” ते म्हणाले, “चेन्नैवरनं कवा आला?”

ज्ञानेश चेन्नईला कधीच गेला नव्हता. पण हिंदुरावांच्या बोलण्यावरून त्याला हळूहळू कळत गेले की कंपनीने आपल्याला वर्षभरापूर्वी तिकडच्या प्लँटवर पाठवले आहे, तिकडे काम फार आहे, आणि म्हणून अँजिओप्लास्टीलासुद्धा आपल्याला येता आले नाही. स्वरूपाने घरी काही सांगितलेच नव्हते. एवढे त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत हिंदुरावांनी त्याला रिक्षात घातले होते.

घर गावाबाहेर, हायवेला लागून. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे कांद्याची चाळ. सुभद्राबाईंनी दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. पाय मोडल्याचे त्यांना वाईट वाटलेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी होती की अधिक महिना चालू होता. धोंड्याच्या महिन्यात जावई आपल्या पायाने, म्हणजे निदान एका पायाने, दारात आला होता. त्यांनी तिथल्या तिथे पुढच्या रविवारी धोंडेजेवण ठरवले आणि लेकीला निरोप दिला.

ज्ञानेशने कांद्याच्या चाळीआड जाऊन स्वरूपाला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “काही बोलू नकोस तू. बाबांची तब्येत बघतोयस ना. अधिक महिना संपला की मी स्वतः सांगणार होते.”

“मला चेन्नईला पाठवलंस ते मला तरी सांगायचं.”

“तू फोन कुठे करत होतास,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव बाजाराला गेल्यावर सुभद्राबाई त्याच्यापुढे येऊन बसल्या. लसूण सोलता सोलता, वर न बघता त्या म्हणाल्या, “मला म्हाईत हाय.” थेरगावात त्यांची भाची मिनल राहत होती. तिने स्वरूपाला डांगे चौकात कुकर घेताना पाहिले होते. “एवढासा कुकर,” सुभद्राबाईंनी हाताने दाखवले. “एवढ्याशा कुकरात दोघांचं शिजत न्हाई, एवढं कळतं मला. मंग मी मिनलला सगळं काढायला लावलं.” त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “ह्यास्नी सांगू नगा. छातीचं दुखणं हाय. तुमी हाय तसंच ऱ्हावा.”

ज्ञानेशने शब्द दिला.

संध्याकाळी हिंदुरावांनी त्याला ओट्यावर बोलावले. सुभद्राबाई आत भाकऱ्या थापत होत्या. हिंदुरावांनी आवाज बारीक केला. “मागं आमी चिखलीला गेल्तो. वाटाण्याच्या शेंगा घिऊन. वॉचमन म्हनला, मॅडम सोडून गेल्या, साहेब एकलेच ऱ्हात्यात.” त्यांनी आत एकदा बघून घेतले. “शेंगा वॉचमनलाच दिल्या. हिला बोललो न्हाई. हिचं बीपी लई वर जातं. तुमीबी बोलू नगा.”

ज्ञानेशने पुन्हा शब्द दिला. आता त्या घरात तिघे होते, तिघांनाही सगळे माहीत होते, आणि तिघेही एकमेकांच्या तब्येतीसाठी तोंड मिटून होते. जेवताना सुभद्राबाई चेन्नईच्या उकाड्याची चौकशी करत. हिंदुराव तिकडे सकाळ-संध्याकाळ भातच खात्यात का, असे विचारत. ज्ञानेश दोघांनाही मन लावून उत्तरे देत असे. चेन्नईबद्दल त्याला काही माहिती नव्हती, पण दोघांपैकी कोणीही त्याला अडवले नाही.

भीमराजचे फोन येतच होते. हिंदुरावांनी एकदा ते बोलणे ऐकले आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, “इंदूर एका दिसात व्हत न्हाई. सेंधव्याला मुक्काम टाका.” त्यांनी आयुष्यभर एसटी चालवली होती, खोटे बोलायचे तरी वेळापत्रकात बोलावे, असे त्यांचे मत होते. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघे ओट्यावर बसून आज कुठवर पोचलो ते ठरवू लागले. घाटात गाडी तापली असेल, पळासनेरला जेवण बरे मिळते, अशा सूचना हिंदुराव करत. त्यांच्या हातची एसटी इंदूरच्या पुढे कधी गेली नव्हती, त्यामुळे इंदूरनंतर ते जरा बिचकत बिचकत चालले. एवढे सांभाळून, रस्ता न चुकता, ते चंदीगडला पोचले, आणि त्या दिवशी भीमराजचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. ग्रुपवर बघितले तर गेटवर आता एका आमदारांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. चंदीगडच्या पुढे ज्ञानेश कुठे गेला, हे पुन्हा कोणीही विचारले नाही. आपण तिसऱ्या दिवशी घरी जाऊन दार लावून पडलो असतो तरी कोणाला कळले नसते, हे त्याला समजले. पण तोपर्यंत धोंड्याचा रविवार उजाडला होता.

स्वरूपा सकाळीच आली. तिला शेवटचे बघितले ते कोर्टाच्या पायऱ्यांवर. आता ती दारातून आत आली, त्याच्या पायाकडे बघितले आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अहो, दुखतंय का फार?” लग्नाच्या इतक्या वर्षांत ती त्याला अहो म्हणाली होती ते फक्त या घरात. चिखलीत ती त्याला अरे म्हणायची, आणि शेवटी शेवटी काहीच म्हणत नसे.

पाटावर बसता येईना म्हणून त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले आणि प्लॅस्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. बाकीचे खाली. त्यामुळे तो सगळ्यांच्या वर, मखरात बसवल्यासारखा दिसत होता. सुभद्राबाईंनी ओवाळले. टॉवेल-टोपी दिली, अनारसे दिले, पुरणाचे धोंडे वाढले आणि त्यावर तुपाची धार सोडली. थोडे तूप प्लॅस्टरवरही पडले. मग, सगळे सुरळीत चालले आहे हे नवऱ्याला दिसावे म्हणून असेल, त्यांनी लेकीला नाव घ्यायला सांगितले. हिंदुरावांनी, बायकोला संशय येऊ नये म्हणून, जास्तच आग्रह केला.

स्वरूपाने ताटाकडे बघत नाव घेतले, “अधिक महिन्यात धोंड्याचा थाट, ज्ञानेशरावांना वाढते, प्लॅस्टर सांभाळून ताट.”

कोणी हसले नाही. सगळे एकदम जेवायला लागले. हिंदुरावांनी तर वरण न घेताच भात खाल्ला.

तरीही, खरे सांगायचे तर, ज्ञानेशला त्या जेवणात आशा वाटू लागली होती. स्वरूपा त्याच्या पानात न विचारता लिंबाची फोड ठेवून गेली होती. त्याला वरणावर लिंबू लागते हे तिच्या हाताच्या लक्षात होते. पाय मोडला हे बरेच झाले की काय, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. स्पितीला जाऊन माणूस बदलतो म्हणतात, कदाचित खेडपर्यंत येऊनही काम भागत असेल.

जेवणानंतर आईवडील आडवे झाल्यावर ती ओट्यावर येऊन बसली. हायवेवरून ट्रक जात होते. तिने विचारले, “पाय बरा व्हायला किती दिवस लागतील?”

“महिना तरी. का?”

“एक विचारायचं होतं.” ती बोटातल्या अंगठीशी चाळा करायला गेली, पण बोटात अंगठी नव्हती. “कंपनी मला जर्मनीला पाठवतेय. दोन वर्षांसाठी. मार्चमध्येच सांगितलं त्यांनी, व्हिसाही काढून ठेवलाय. मी हो म्हणत नव्हते, कारण या दोघांना कोणावर सोडून जाऊ. आता तू आहेस तर...”

ज्ञानेशने ट्रककडे बघितले. “मी पाय मोडला म्हणून आहे इथे.”

“माहितेय मला.”

“मी नवीन सुरुवात करायला निघालो होतो, स्वरूपा.”

“हो. कळलं मला, ग्रुपवरनं,” ती म्हणाली. “मी पण तेच करतेय. तू नाही म्हणालास तरी चालेल. खरंच.”

तो नाही म्हणू शकला असता. त्याने थोडा वेळ तसा प्रयत्नही केला. पण तिच्या चेहऱ्यावर जे दिसत होते ते त्याने गेल्या कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. तिला आनंद झाला होता आणि तो दिसू नये म्हणून ती धडपडत होती. ज्ञानेश म्हणाला, “जा तू. मी आहे.” आणि ती दोन्ही हातांनी डोळे पुसून हसली तेव्हा, आपण अखेर तिच्यासाठी काहीतरी बरोबर केले आणि त्यामुळेच ती कायमची गेली, हे त्याला एकदमच कळले.

स्वरूपा आठवड्याने गेली. जाताना तिने आईवडिलांना सांगितले, की हे आता चेन्नईला जाणार नाहीत, कंपनीने घरून काम दिले आहे. दोघांनी माना हलवल्या. विमानतळावर कोणी गेले नाही. दुपारी एक विमान घरावरून गेले. ते लोहगावचे हवाई दलाचे होते, पण सुभद्राबाई अंगणात येऊन त्याला हात करून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे चहाला बसले. हिंदुराव म्हणाले, जावईबापूंना बिस्किट द्या. सुभद्राबाई म्हणाल्या, जावईबापूंना चेन्नैत असली बिस्किटं मिळत नसतील. ज्ञानेशने कप खाली ठेवला. त्याला हे आणखी एक सकाळसुद्धा झेपणार नव्हते.

“आमचा घटस्फोट झालाय,” तो म्हणाला. “एप्रिलमध्ये. मामी, तुम्हाला माहितेय. मामा, तुम्हालाही माहितेय. मी दोघांना शब्द दिला होता, तो मोडला.”

कोणाचीही छाती दुखली नाही. कोणाचे बीपी वर गेले असेल तर ते वेगळ्याच कारणाने.

“तुमास्नी कसं म्हाईत?” सुभद्राबाईंनी नवऱ्याला विचारले.

“चिखलीला गेल्तो.”

“कवा?”

“ते आपलं... आळंदीला गेल्तो तवा.”

“म्हंजी आळंदीला गेलाच न्हाई तुमी?”

हा विषय बराच वेळ चालला. माउलीच्या नावाने खोटे बोलल्याचा राग घटस्फोटापेक्षा मोठा ठरला. तो निवल्यावर मात्र सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडल्या. आधी आवाज न करता, मग करून. या घटस्फोटासाठी कोणी रडल्याचे ज्ञानेश पहिल्यांदाच पाहत होता. त्याला ते बघून बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाज वाटली.

मग तो उठला, कुबडी घेतली, बॅग खांद्याला लावली आणि येतो म्हणाला.

“कुठं?” हिंदुरावांनी विचारले.

ज्ञानेशने विचार केला. चिखलीत बंद फ्लॅट होता. चंदीगडच्या पुढे त्याची कोणी वाट बघत नव्हते. मोटारसायकल रसवंतीपुढे उभी होती आणि तिच्यावर आता तिथली माणसे टॉवेल वाळत घालत होती.

हिंदुराव म्हणाले, “जायाचं तर पाय बरा झाल्यावर जावा. स्वरूपाला आमी काय सांगनार मंग.” ते थोडे अडखळले. “पर आता तुमाला म्हनायचं काय? जावईबापू तर म्हनता येत न्हाई.”

“ज्ञानेश म्हणा.”

हिंदुरावांनी तोंड उघडले. ओठ हलले. इतकी वर्षे त्यांनी हे नाव कधी जिभेवर घेतले नव्हते, जावयाचे नाव कोण घेतो. तोंड तसेच मिटले. “न्हाई जमायचं,” ते म्हणाले, आणि खरोखर अडचणीत सापडल्यासारखे बायकोकडे बघायला लागले.

सुभद्राबाईंनी डोळे पुसले. चहाचे भांडे पुन्हा चुलीवर ठेवत त्या म्हणाल्या, “पाव्हनं म्हना की. जावयालाबी म्हनत्यात, वाट चुकून आल्यालाबी म्हनत्यात.”

हिंदुरावांनी ते एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिले असावे. मग त्यांनी समोरचा पाट पायाने बाजूला सारला आणि प्लॅस्टिकची खुर्ची पुढे ओढली.

“बसा, पाव्हनं.”

ज्ञानेशने बॅग खाली ठेवली आणि तो बसला.